बंद गाडीतला करंट

१० जानेवारी २०२५, शुक्रवार. ट्रॉय, मिशिगन

सुखरूप पोचलो. डेट्रॉइटच्या विमानतळावर सूनबाई देवयानी आणि शार्दूलचा मित्र सुशांत असे दोघेही घ्यायला आले होते. बाहेर उणे नऊ तापमान. सुशांतने एक जाडजूड कोट माझ्या अंगावर चढवला आणि म्हणाला, काका, इथे आधी नाक बधिर होतं, मग कान, आणि मार्चपर्यंत उरलेला माणूस. खूप दिवसांनी मला हसू आलं.

घर नीटनेटकं आहे. स्वयंपाकघरातूनच एक दार गॅरेजमध्ये उघडतं, त्यामुळे बर्फात पाय न घालता गाडीत बसता येतं. माझी खोली ऊबदार आहे. देवयानीने देशी दुकानातून ज्वारीचं पीठ आणून ठेवलं होतं. भाकरी थापताना मोडली म्हणून तिने ती लाटण्याने लाटली आणि बजावलं, बाबा, गावाकडे कुणाला सांगायचं नाही.

मी बार्शीजवळच्या वीज उपकेंद्रात चौतीस वर्षं नोकरी केली. दर तासाला मीटरचे आकडे वहीत उतरवणं हे माझं काम होतं. ही रोजनिशी त्याच सवयीची. माझा मुलगा शार्दूल गेला तेव्हा माझ्याकडे व्हिसा नव्हता. चौतिसाव्या वर्षी, एका सकाळी, त्याचं हृदय बंद पडलं. मी त्याला फोनच्या पडद्यावर शेवटचा पाहिला. आता तिथीने एक फेब्रुवारीला वर्षश्राद्ध आहे. त्याला मूलबाळ नाही, भाऊ नाही, तेव्हा ते मलाच करायचं आहे.

गॅरेजमध्ये त्याची राखाडी गाडी उभी आहे. जाण्याआधी दोन आठवडे त्याने तिच्यात स्वतःच्या हाताने नवी म्युझिक सिस्टीम बसवली होती. पुढे स्क्रीन, दारांत चार स्पीकर, डिकीत अँप्लिफायर. तेव्हापासून दोन बिघाड आहेत. स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि बॅटरी रात्रीतून उतरते. देवयानी म्हणाली, जमलं तर बघाल का? मला काम मिळालं. त्याच्या हातच्या वायरी बघायला मिळणार याचा आनंदच झाला.

११ जानेवारी, शनिवार

शिट्टीचा बिघाड सोपा निघाला. गॅरेजचं मोठं दार उघडून इंजिन सुरू केलं. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमध्ये शिरतोय. असं बहुतेक वेळा अर्थिंग कच्चं असल्यामुळे होतं. अँप्लिफायरची अर्थची वायर त्याने रंगावरच बोल्टने आवळली होती. रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं केलं, वायर परत आवळली. शिट्टी गेली.

आमचं शेवटचं बोलणं याच विषयावर झालं होतं. मी म्हणालो होतो, आधी अर्थिंग तपास, रंग खरवड. तो हसला. म्हणाला, बाबा, हे तुमचं सबस्टेशन नाहीये. पुढच्या रविवारी फोन आला तो देवयानीचा.

रंग त्याने खरवडला नव्हता. प्रत्येक वायरीला मात्र कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे, आणि अक्षर देवयानीचं आहे. तीन दिवस ती टॉर्च धरून बसली होती म्हणे. आठ वर्षांचा असताना त्याला सोल्डरिंग मी शिकवलं. इतकं बारीक काहीतरी टोचायला नको होतं, पण टोचलं.

१३ जानेवारी, सोमवार

बॅटरीचा बिघाडही सापडला. किल्ली फिरवल्यावरच अँप्लिफायर जागा व्हावा म्हणून एक पातळ वायर असते. शार्दूलने ती चोवीस तास चालू राहणाऱ्या वायरीला जोडली होती. अँप्लिफायर झोपतच नव्हता. जोड बदलला. सुशांतने त्याचा क्लॅम्प मीटर दिला आहे. वायरीभोवती चिमट्यासारखा लावला की आत किती करंट वाहतोय ते दिसतं. तो गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत आहे. मीटर देताना म्हणाला, काका, मी नोकरी करतो, काम तुम्ही करता.

सगळं बंद असताना ०.०३ अँपिअर. घड्याळापुरता. उत्तम.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी बॅटरी पुन्हा मेलेली. एकेक फ्यूज काढून पाहिला. दिवसभर ०.०३च्या वर आकडा गेला नाही. मग बॅटरी कधी उतरते?

जेवताना देवयानीने विचारलं, तुम्ही तो आवाज का घालवलात? मी म्हणालो, अगं, तो फॉल्ट होता. तिने ताटातला भात कालवला. मग म्हणाली, जाऊ दे बाबा, आज पुन्हा आला.

ऑफिसातून आली की ती अर्धा तास त्याच्या गाडीत बसते हे मला ठाऊक होतं. मी कधी काही बोललो नाही. ज्याचं त्याचं दुःख. पण तेव्हा इंजिन बंद असतं. अल्टरनेटर फिरत नसताना त्याची शिट्टी येईल कुठून?

१५ जानेवारी, बुधवार

साडेपाचला दारामागे उभा राहिलो. बरं केलं नाही, पण राहिलो.

ती गाडीत होती. शेजारच्या सीटवर, त्याच्या नव्हे. बोलत होती. अरे, परत त्या मॅनेजरने साडेचारला मीटिंग टाकली, डोकं फिरलं यार. बाबांनी दोडक्याची भाजी खाल्ली, तू म्हणायचास खाणार नाहीत. असंच काहीबाही. ती बोलत असताना शिट्टी अगदी खाली होती. ती थांबली की वर चढायची, हलायची, वळायची, मग पुन्हा खाली यायची, तिला बोलू द्यायला.

इंजिन बंद. किल्ली खिळ्यावर टांगलेली.

तिला हसू आलं कशाचं तरी. नवऱ्याने कानात काही सांगितल्यावर बायका हसतात तसं.

ती वर गेल्यावर मी जाऊन बसलो. अर्धा तास. काही नाही. सीट गार होती. शार्दूल अशी एकदा हाक मारली. मला हाका मारायची सवय नाही, माझाच आवाज मला ओशाळवाणा वाटला.

१७ जानेवारी, शुक्रवार

मीटर वायरीवर लावून ठेवला आणि दाराच्या फटीतून आकडे वाचले.

१७.३० – गाडी रिकामी – ०.०३
१७.३४ – देवयानी आत – ३.८
१७.५० – ४.१
१८.०२ – देवयानी बाहेर – ०.०३
१८.१० – मी आत – ०.०३
१८.४० – मी आत – ०.०३

बॅटरी कशी उतरते ते कळलं. सुशांतला फोनवर आकडे सांगितले, कोण आत होतं ते सांगितलं नाही. तो म्हणाला, काका, सीटखाली एखादी वायर दबत असेल, वजनाने शॉर्ट होत असेल. माझं वजन तिच्यापेक्षा वीस किलोने जास्त आहे.

ती भात वाढत होती तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागला. बर्फासारखा. आणि चेहऱ्यावर मात्र समाधान. ते समाधान मला बघवलं नाही. मी त्याचा बाप आहे. त्याला सव्वीस वर्षं मी पाहिला, तिने आठ.

१९ जानेवारी, रविवार

बॅटरी काढून जमिनीवर ठेवली. गाडीला आता विजेचा कुठलाही उगम नाही. उगमच नाही तर करंट नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल.

देवयानी चारला जाऊन बसली. शिट्टी आली. मीटर ४.१.

मी पायरीवर बसून गणित केलं. बारा व्होल्ट धरले तर पन्नास वॅटच्या जवळ जातं. कंट्रोल रूमला एसी बसवताना आम्ही खोलीतल्या माणसांचीही उष्णता मोजायचो. बसल्या जागी एका माणसाचे शंभर वॅट धरायचे, असा नियम होता.

म्हणजे तो तिचा अर्धा घेतो.

बाहेर आल्यावर तिला थर्मामीटर लावायला सांगितला. ९५.४. ती म्हणाली, थंडीच आहे ना बाबा. नखं निळसर. वर्षभरात तिचं वजन किती उतरलं असेल. हे सगळं लख्ख दिसत असताना माझ्या मनात पहिला विचार कोणता आला तो इथे लिहितो, कारण नोंद खोटी करायची नाही. मला वाटलं, माझे शंभरच्या शंभर घे ना रे. मला का विचारत नाहीस?

२२ जानेवारी, बुधवार

बॅटरी परत बसवली आहे. आज ५.०. ती गाडीतून उतरताना दाराला धरून उभी राहिली.

मी तिला सरळ सांगितलं की गाडीत बसू नकोस, तो तुला संपवतोय. ती शांतपणे म्हणाली, मला माहीत आहे. मग म्हणाली, बाबा, तुम्हाला तो ऐकू येत नाही याचा राग माझ्यावर काढू नका.

खोलीत आल्यावर कान गरम झाले होते.

२३ जानेवारी, गुरुवार

आमच्या कामाची पद्धत अशी की बंद केलेल्या लाइनलाही हात लावण्याआधी ती जमिनीला जोडायची. मागे उरलेला भार निघून जातो. गाडी रबराच्या टायरांवर उभी असते. तिच्यात जे साठलं आहे ते निघून जायला वाटच नाही. एक जाड तांब्याची वायर घेऊन गाडीचा सांगाडा गॅरेजमधल्या पाण्याच्या पाइपला जोडला. चौतीस वर्षं हेच केलं. त्याने लोक वाचले आहेत.

संध्याकाळी ती गाडीत बसली, आवाज आला नाही, रडत वर गेली. मला वाईट वाटलं. आणि तितकंच बरं वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सात. देवयानी स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी. पाणी बंद. एक हात नळावर. बोलत होती, हसत होती. नळातून ती शिट्टी येत होती.

तिला ढकलून नळ मी धरला. आवाज तिथल्या तिथे थांबला. नुसता गार पितळी नळ.

पाण्याचा पाइप घरभर फिरतो. न्हाणीघर, भिंती, तिच्या खोलीतला हीटर. मीच त्याला गाडीतून बाहेर काढलं. पळत जाऊन वायर कापली. परत आलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती. ओठ काळे पडले होते. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही त्याला घरात आणलंत, किती छान वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

सुशांत आला होता. देवयानीला ऑफिसात चक्कर आली म्हणे, त्याच्या बायकोला कुणीतरी सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, ती किती खराब झाली आहे, तुम्हाला रोज बघून कळत नसेल. सोमवारी डॉक्टरची वेळ घेतली आहे.

मी गाडीच्या आरशाला पाटी लावली. काम चालू आहे. कुणीही आत बसू नये. खाली माझी सही, तारीख, वेळ. आमच्याकडे ज्याने लाइन बंद करून घेतली त्याच्याशिवाय ती पुन्हा कुणी चालू करू शकत नाही. साहेबसुद्धा नाही. शार्दूल लहानपणी खेळात अशा पाट्या लिहायचा, त्याच्याकडून देवयानीलाही नियम ठाऊक आहे. तिने विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, बिघाड सापडेपर्यंत. दोन्ही किल्ल्या मागितल्या. एक तिने दिली. दुसरी हरवली म्हणाली.

तिला वाचवायला पाटी लावली असं सुशांतला सांगितलं. ते खरंही आहे. अर्धं.

२७ जानेवारी, सोमवार

डॉक्टरने रक्त घेतलं, रजा घ्यायला सांगितलं. ती वर झोपली आहे. दोन दिवस गाडीपासून लांब, तर अंगाचं तापमान ९७ वर आलं.

मी रोज बसतो. ०.०३.

२८ जानेवारी, मंगळवार

तिची शाल पांघरून बसलो. हाताला तिचं क्रीम लावलं.

०.४.

दहा मिनिटं ०.४. आवाज नाही, पण स्पीकरच्या जाळीमागे कुणीतरी कान दिल्यासारखं.

२९ जानेवारी, बुधवार

ती काय बोलते ते मला पाठ झालं आहे. मी हळू आवाजात सुरुवात केली. अरे, ऐक ना. आज खूप बर्फ पडला. बाबांनी फावडं घेतलं, मी नको म्हटलं तर ऐकतात का. जन्मात मी इतकं बोललो नव्हतो.

१.२ – २.० – ३.८

शिट्टी आली. माझ्या कानाशी, खालच्या पट्टीत. शब्द नाहीत त्यात, पण घरातला आवाज आहे. गुडघ्यापासून गारठा चढत गेला. मला तो हवा होता. मी रडत होतो आणि तिच्या आवाजात बोलत होतो.

बाहेर आलो तेव्हा पाय उचलत नव्हते. ९५.०.

तिच्याशी तो असा बोलतो. रोज. वर्षभर.

३० जानेवारी

४.६. एकदा खोकलो. माझा खोकला. शिट्टी मध्येच थांबली. मी घाईघाईने म्हणालो, अरे, काही नाही, थंडी. थोड्या वेळाने आली, पण बिचकत.

माझा खोकला ऐकून थांबला.

देवयानीने जिन्यावरून शाल माझ्या अंगावर पाहिली. तिच्या नजरेत मी जे पाहिलं ते मी आरशात ओळखतो.

३१ जानेवारी

तिने माझ्या खोलीचं दार ठोठावलं. म्हणाली, पाटी काढा बाबा. म्हणाली, तो माझा नवरा आहे. मी म्हणालो, नियम. ती म्हणाली, मीही गाडीत जाऊन बसेन, मग बघू.

उद्या अकराला गुरुजी येणार. पिंड दिला की त्याचं भटकण्याचं वर्ष संपलं, पुढे तो पितरांत. मग गाडी नुसती गाडी. एकदा तरी त्याने मला – मी कोण आहे हे माहीत असून –

१ फेब्रुवारी

९.४० – गाडीत. शाल नाही. क्रीम नाही. दारं आतून बंद. मीटर मांडीवर, वायर खिडकीच्या फटीतून.

०.०३

९.४४ – म्हणालो, शार्दूल, परवा बोललो तो मी होतो. बाबा. रंग खरवडला रे मी. वायरी चांगल्या जोडल्या होत्यास. ते सांगायचं राहिलं होतं.

९.४५ – ०.००. घड्याळाचासुद्धा नाही.

९.४७ – ०.००

९.४८ – म्हणालो, तिला सोड, माझं घे

९.४८ – ६.०

९.४९ – ८.३. ओळखलं त्याने. शिट्टी नाही. एक सूर नाही. नुसता खेचतोय. तिच्याकडून मोजून घ्यायचा, बोलत बोलत. माझ्याकडून – विहिरीतून घ्यावं तसं

९.५१ – ९.०. डावा हात हँडलवर आहे, सुटत नाही. अक्षर नीट –

९.५२ – देवयानी आली. काचेवर हात ठेवला

शिट्टी सुरू. खाली, गोड. तिच्याशी. माझ्यावर चालवतोय आणि बोलतोय तिच्याशी –

९.५३ – १०.२. शंभर वॅटच्या वर. हसतेय ती. तिच्याकडे दुसरी किल्ली. लॉक वर उडतं, मी दाबतो. पुन्हा उडतं. तिला नाही येऊ द्यायचं. तिचा जीव जाईल म्हणून – नाही. नोंद खोटी नको. म्हणून नाही

लॉक वर. दाबलं. मी दार नाही उघ

आज पाळी माझ